दगड, वीट, काँक्रीट: कोणत्या ड्रिलला कोणता बिट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडे एकाच पेठेत काळ्या दगडाचा वाडा, भाजक्या विटांचे घर आणि सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतींचा नवा फ्लॅट शेजारी-शेजारी उभे असतात. हार्डवेअरच्या दुकानात मात्र मागणी एकच असते: "सहाचा बिट द्या." तो बिट कोणत्या भिंतीत जाणार आणि कोणत्या मशीनला बसणार, हे कुणी सांगत नाही. मग बिटची टीप (टोक) उडते, गट्टू (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) सैल बसतो आणि खापर मशीनवर फुटते. आमचे म्हणणे असे, की आधी भिंत ओळखा, मग भोकाचे माप ठरवा, त्यावरून बिट घ्या आणि मशीन सगळ्यात शेवटी.

भिंतीत आत काय आहे हे न फोडता कसे कळेल?

पूर्ण न फोडता, पण एक बारीक भोक पाडून कळते. कपाटामागे किंवा फ्रेमखाली झाकली जाईल अशी जागा निवडा, हॅमर (मशीनची ठोके मारण्याची सोय) बंद ठेवा आणि ५ किंवा ६ मिमीच्या बिटने सावकाश आत जा. पहिले १२ मिमीच्या आसपास गिलावाच असतो, त्यामुळे सुरुवातीची करडी भुकटी सगळ्याच भिंतींत सारखी येते. तिच्यावरून अंदाज बांधू नका. त्यानंतर लाल-भगवी भुकटी आली तर वीट. पांढुरकी, पिठासारखी आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखा गेला तर सिपोरेक्स. राखेच्या रंगाची आली तर फ्लाय ॲशची वीट. बिट जागच्या जागी फिरत राहिला आणि चिमूटभर करडी भुकटीच आली तर काँक्रीट. काळपट, अगदी बारीक भुकटी आणि कर्कश आवाज म्हणजे काळा दगड. महाबळेश्वर-पाचगणीकडे जांभ्याची भिंत असते. तिचीही भुकटी लाल येते, पण जांभ्यात पोकळ्या असल्याने बिट मध्येच अडतो, मध्येच झटकन आत जातो.

सगळ्या घरात भोके पडतात, पडद्याच्या रॉडसाठी खिडकीवरच का पडत नाही?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. खिडकी-दाराच्या वर विटा नसतात, लिंटेल असते. म्हणजे सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा. विटेत सरसर जाणारे मशीन तिथे पोचले की गिलावा ओलांडून थांबते. भुकटी येत नाही, टोक तापते आणि वास येऊ लागतो.

यामागे आपल्या भागाचेही एक कारण आहे. इथल्या काँक्रीटमधली खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची असते. बिटचे टोक सिमेंट-वाळूत असेपर्यंत पुढे सरकते आणि खडीचा मोठा दाणा समोर आला की अडते. साध्या हॅमर ड्रिलचे ठोके तो दाणा फोडायला अपुरे पडतात. म्हणूनच दोन इंचांवरचे दुसरे भोक सहज पडते आणि पहिले अर्ध्यावर राहते.

उपाय तीन. रोटरी हॅमर (जोरदार ठोक्यांचे वेगळे मशीन, फरक पुढच्या प्रश्नात) मिळत असेल तर प्रश्नच मिटला, ६ मिमीचे भोक काही सेकंदांत होते. साधे हॅमर ड्रिलच असेल तर नवा, धारदार टिपेचा बिट लावा, १०-१५ सेकंद चालवा, बाहेर काढा, भुकटी झाडा, टोक थंड होऊ द्या आणि पुन्हा घाला. तरीही अडले तर भोकात जाड पंच किंवा जुना बिट घालून हातोडीने दोन-चार घाव घाला, समोरचा दाणा फुटतो. तिसरा उपाय जागा बदलण्याचा. लिंटेल बहुतेक ठिकाणी ४ ते ६ इंच उंचीचे असते, तेव्हा ब्रॅकेट तेवढे वर नेले की वीट लागते. पडद्याची लांबी आधी मोजा म्हणजे झाले.

अडलेल्या ठिकाणी मशीनवर छाती टेकून जोर लावू नका. त्याने भोक पडत नाही, टीप मात्र जाते.

हॅमर ड्रिल आणि रोटरी हॅमर एकच का?

नाही, आणि दुकानात दोघांनाही 'हॅमर'च म्हणतात म्हणून गफलत होते.

ज्याचा चक (बिट पकडणारे तोंड) चावीने आवळतो ते साधे हॅमर ड्रिल. त्याच्या आत दातेरी दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्यातून मिनिटाला ४०,०००च्या आसपास बारीक ठोके निघतात. ठोके पुष्कळ, पण प्रत्येकात दम कमी. शिवाय तुम्ही दाबाल तेवढाच तो ठोका बसतो. वीट, गिलावा, फ्लाय ॲश यांना हे पुरते.

रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर आतला घण बिटच्या बुडावर आपटतो. ठोके मिनिटाला ४-५ हजारच, पण २ किलोच्या वर्गातल्या मशीनचा एकेक ठोका २ ते ३ ज्यूलचा असतो. खडी फुटते ती याने. इथे जोर लावायचा नसतो. मशीन नुसते सरळ धरून टेकवायचे, कारण जास्त दाबले तर घणाची हालचाल अडते आणि काम उलट मंदावते. साध्या ड्रिलवर हात बसलेल्या माणसाला ही सवय मोडायला वेळ लागतो.

बिटचे दांडे वेगवेगळे दिसतात. कोणता कशाला बसतो?

गुळगुळीत गोल दांडा चावीच्या चकसाठी. षटकोनी दांडाही त्याच चकमध्ये बसतो आणि कमी घसरतो. पाव इंची षटकोनी दांड्याला खाच असेल तर तो बॅटरीच्या स्क्रू-मशीनलाही चालतो.

१० मिमी जाडीचा, चार खाचांचा दांडा म्हणजे एसडीएस प्लस. चार खाचांपैकी दोन शेवटपर्यंत उघड्या असतात, त्या बिटला फिरवतात. दोन बंद असतात, त्यांत गोळ्या अडकून बिट बाहेर पडू देत नाहीत. बसवल्यावर बिट हाताने सुमारे सेंटिमीटरभर मागे-पुढे हलतो. तो सैल बसलेला नसतो, ठोका बसण्यासाठी ती मोकळीक लागते. १८ मिमी जाडीचा दांडा एसडीएस मॅक्सचा. तो पाच किलोच्या पुढच्या मशीनसाठी, घरच्या कामात लागत नाही.

मशीनच्या तोंडावर चावीसाठी भोके असतील तर गोल दांडा घ्या. मागे ओढायची रबरी कॉलर असेल तर एसडीएस. दुकानात जाताना मशीनच्या तोंडाचा फोटो फोनमध्ये असू द्या, बोलण्यातली गफलत टळते.

एसडीएसचा बिट चावीच्या चकमध्ये आवळला तर?

आवळता येतो, पण तीन जबडे खाचांवर नीट बसत नाहीत. बिट वाकडा फिरतो, भोक मोठे होते आणि चकचे जबडे खराब होतात. करू नका.

उलट प्रकार, म्हणजे रोटरी हॅमरला ॲडॉप्टर लावून त्यावर चावीचा चक बसवणे, हे चालते. मात्र लाकूड आणि लोखंडासाठी आणि हॅमर बंद ठेवूनच. हॅमर चालू राहिला तर चकच ठोके खातो, आतला स्क्रू सैल होतो आणि फिरता चक निसटू शकतो.

घरासाठी एकच मशीन घ्यायचे तर कोणते?

विटांचे घर आणि वर्षाकाठी दहा-पंधरा भोके एवढेच काम असेल तर ५५० ते ७५० वॉटचे, १३ मिमी चकचे, वेग कमी-जास्त होणारे आणि उलट फिरणारे हॅमर ड्रिल घ्या. लाकूड-लोखंडाचे कामही त्यावर होते. स्लॅब आणि कॉलममधल्या भोकांसाठी रोटरी हॅमर भाड्याने आणा.

सुतार, वायरमन, सीसीटीव्ही किंवा सोलर बसवणाऱ्यांनी मात्र सरळ २ ते ३ किलोचे एसडीएस प्लस मशीन घ्यावे. त्यावर '२६ मिमी' लिहिलेले असते ती काँक्रीटमधली कमाल मर्यादा. रोज २६ची भोके पाडायला ते मशीन नाही. त्याचे खरे काम ८ ते १६ मिमीत. नुसते फिरणे, फिरणे आणि ठोकणे, नुसते ठोकणे अशा तिन्ही पद्धती असतील तर छिन्नी लावून खाचही मारता येते.

बिट, गट्टू आणि स्क्रू यांचे माप कसे जुळवायचे?

गट्टूवर जो आकडा, तोच बिट. ६च्या गट्टूला ६चा बिट, ८ला ८चा. 'थोडा मोठा घेऊ, सहज बसेल' हा विचार सोडा. गट्टू हातोडीच्या दोन-तीन हलक्या टोल्यांनी बसला पाहिजे. बोटाने आत गेला तर तो धरणार नाही.

स्क्रू गट्टूला आतून फुगवेल एवढा जाड हवा. नायलॉनच्या गट्टूत साधारण ६ला ४ ते ५ मिमी, ८ला ४.५ ते ६ आणि १०ला ६ ते ८ मिमी जाडीचा स्क्रू. लांबी काढताना गट्टूची लांबी, अडकवायच्या पट्टीची जाडी आणि स्क्रूच्या एका जाडीएवढे जास्त अशी बेरीज करा. टोक गट्टूच्या बाहेर आले तरच तो पुरता फुगतो.

दुकानात अजून सुताची भाषा चालते. ८ सूत म्हणजे एक इंच, म्हणून २ सूत ६.३५ मिमी, अडीच सूत ७.९ मिमी, ३ सूत ९.५ मिमी होतात. बोलण्यात २ सूत म्हणजे ६ धरतात, पण गट्टू मिमीत बनतो. बिटवर कोरलेला आकडा वाचूनच घ्या.

भोक किती खोल पाडायचे?

गट्टूच्या लांबीपेक्षा १० ते १५ मिमी जास्त, कारण तळाशी भुकटी साचते. खोलीची दांडी मशीनला असते, नसेल तर बिटवर रंगीत टेप गुंडाळा. गिलावा मात्र हिशेबात धरू नका. ३० मिमीचा गट्टू १२ मिमी गिलाव्यात अडकला तर विटेत उरतो फक्त १८ मिमी. जड वस्तूसाठी म्हणूनच ५० मिमीच्या वर लांबीचा गट्टू लागतो.

भुकटी तोंडाने फुंकू नका, डोळ्यांत जाते. हातपंपाने किंवा बारीक नळीने काढा. गॉगल आणि मास्क लावा, डोक्यावर काम असेल तर हे टाळूच नका.

सिपोरेक्समध्ये स्क्रू सैल होतो. बिट चुकला का?

बहुधा हॅमर चालू राहिला. सिपोरेक्सला ठोका नकोच, नुसते फिरवून भोक पाडायचे. ठोक्याने भोक वेडेवाकडे होते आणि आतली भिंत भुगा होऊन सुटते. छोटा साधा गट्टूही इथे धरत नाही. लांब, रुंद पात्यांचा, सिपोरेक्ससाठी बनवलेला घ्या. १५ लिटरचा गीझर भरला की नुसते पाणीच १५ किलो होते. तो सिपोरेक्सवर टांगायचा तर आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी, हेच आम्ही सांगतो.

पोकळ ब्लॉक आणि भोकाच्या विटांनाही हॅमर बंद.

जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीत भोक कुठे पाडावे?

दगडात, दगडाच्या मध्यावर. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या दरजेत बिट पटकन जातो म्हणून लोक तिथेच पाडतात, आणि महिन्याभरात गट्टू मातीसकट बाहेर येतो. दगडाच्या कडेपासून दोन-तीन इंच आत राहा, नाहीतर कपची उडते. काळा दगड साध्या हॅमर ड्रिलने पाडण्याचा हट्ट धरू नका. रोटरी हॅमर आणि चार धारांच्या टिपेचा एसडीएस बिट घ्या आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबा. सुरुवातीला बिट घसरतो, म्हणून आधी पंचाने खळगा करून मंद वेगाने सुरू करा.

टाइल न फुटता भोक कसे पाडायचे?

हॅमर बंद, वेग कमी, खूण केलेल्या जागी कागदी टेप. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकाचा बिट पुरतो. व्हिट्रिफाइडला तो नुसता घासत बसतो, तिथे हिऱ्याच्या कणांचा पोकळ बिट लागतो. तो आधी तिरका टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग सरळ करा आणि स्पंजने थेंबथेंब पाणी देत राहा. टाइल पार झाली की मशीन थांबवा आणि भिंतीसाठीचा बिट लावा. पाठीमागे काँक्रीट असेल तर तेव्हा हॅमर सुरू करा. गट्टू टाइलच्या मागे गेला पाहिजे. तो टाइलमध्येच फुगला तर स्क्रू आवळताना तडा जातो.

मशीन फिरते, आवाजही येतो, पण बिट आत जात नाही.

आधी बटण पाहा, मशीन उलटे फिरत असते. हे इतके वेळा आढळते की बाकी काही तपासण्याआधी तेच पाहावे. मग हॅमरचे चिन्ह निवडले आहे का ते पाहा. तिसरे, लाकडाचा किंवा लोखंडाचा बिट तर लावला नाही ना? भिंतीच्या बिटचे टोक दांड्याहून किंचित रुंद असते आणि त्यात कार्बाइडचा (फार कठीण पदार्थाचा) वेगळ्या रंगाचा तुकडा जडवलेला दिसतो. चौथे, टिपेचे कोपरे गोल झालेत का. बोटाने चाचपताना गरम नाही ना, ते पाहा. एवढे सगळे ठीक असेल तर समोर खडी किंवा सळई आहे.

सळई लागली हे कसे ओळखायचे?

आवाज धातूचा होतो, बिट उसळतो, भुकटीत चकचकीत कण दिसतात. रोटरी हॅमरचा क्लच कटकट करत सुटतो, तेव्हा ताबडतोब बटण सोडा. बाजूचा दांडा हातात नसेल तर मनगट पिरगळते. सळई कापायचा प्रयत्न करू नका. बीम, कॉलम आणि स्लॅबमधली सळई घर उचलून धरते. एक-दोन इंच सरकून नवे भोक पाडा आणि जुने सिमेंटच्या मसाल्याने बुजवा.

टीप निळी पडते किंवा उडते, बिटच खराब का?

कधी असतोही. पण निळा रंग उष्णतेचा आहे. कार्बाइडचा तुकडा दांड्याला ब्रेझिंगने जोडलेला असतो, आणि भुकटी न काढता सलग चालवले तर तो जोड ढिला पडतो. तापलेला बिट पाण्यात बुडवू नका, कार्बाइडला तडा जातो. हवेतच थंड होऊ द्या. झिजलेला बिटही वेळेत टाका. ६चा बिट झिजून बारीक झाला की गट्टू अर्ध्यावर अडतो आणि हातोडीने चेपला जातो. चांगल्या बिटच्या दांड्यावर पीजीएमची खूण असते. तिचा अर्थ टिपेचे माप काटेकोर आहे, अँकरच्या कामात ते महत्त्वाचे.

भोक मोठे झाले, आता?

पुढच्या मापाचा गट्टू घ्या, म्हणजे ६च्या जागी ८. काडेपेटीच्या काड्या कोंबून केलेले काम पडद्याला कदाचित चालेल, कपाटाला नाही. विट फारच कुसकरली असेल तर भोक ओले करून सिमेंटचा घट्ट मसाला भरा आणि दोन-तीन दिवसांनी नव्याने पाडा.

एसीच्या पाइपसाठी आरपार भोक याच मशीनने होईल का?

स्प्लिट एसीच्या पाइपला साधारण अडीच इंचाचे भोक लागते. विटेत रोटरी हॅमर आणि कोअर कटर लावून जमते, पण काँक्रीटमध्ये आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या सहा इंची भोकासाठी पाण्यावर चालणारे डायमंड कोअर मशीनच बोलवा.

केबलच्या बारीक आरपार भोकासाठी बिटची लांबी पाहून घ्या. एसडीएस प्लसच्या एकूण लांबीतून सुमारे ६० मिमी वजा केले की कामाची लांबी मिळते: १६०च्या बिटने १००, ३१०च्याने २५०, ४५०च्याने ४००. नऊ इंची भिंत दोन्ही गिलावे धरून २५५-२६० मिमी भरते, म्हणजे ३१०चा बिट थोडक्यात कमी पडतो. ४५०चा घ्या. आधी आखूड बिटने तीन-चार इंच भोक करा, मग लांब बिट घाला, नाहीतर तो सुरुवातीलाच थरथरून वाकतो. शेवटचा इंच हॅमर बंद करून पार करा, बाहेरचा गिलावा फुटत नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवा. पश्चिमेकडच्या तालुक्यांत पाऊस भिंतीवर आडवा मारतो, सरळ भोकातून पाणी थेट खोलीत येते.

झोपाळ्याचे हूक स्लॅबला लावायचे आहेत.

गट्टूवर नाही. लोखंडी अँकर फास्टनरच लागतो, आणि तोही जागा इंजिनिअरला दाखवून, कारण झोपाळ्याचा भार हलता असतो. बिटचे माप फास्टनरच्या प्रकारावर ठरते. वेज पद्धतीच्या एम १० बोल्टला १० मिमीचे भोक लागते, तर आत ठोकायच्या ड्रॉप-इन एम १० ला १२ मिमीचे. डबीवरचा आकडा वाचा आणि भोक झटकून साफ करा, भुकटीत अँकर घसरतो.

वायर किंवा पाइप लागू नये म्हणून काय करावे?

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, पाइप त्याच रेषेत नेलेले असतात. खोलीची मेन बंद करून दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्या.

पुराचे पाणी लागलेल्या भिंतीत ड्रिल चालवावे का?

सांगलीत २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर हा प्रश्न पुष्कळ आला. भिंत ओली असताना नको. भुकटीचा चिखल होऊन बिटच्या खाचा भरतात, गट्टू घसरतो आणि मुख्य म्हणजे शॉकचा धोका असतो. वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या, बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या, भिंत वाळली की मगच काम करा.

एक्स्टेंशन लावले की मशीन मरगळते.

बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते. १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर वापरा आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी व्होल्टेज उतरते, तेव्हा काँक्रीटचे काम सकाळी उरका.

बॅटरीचे ड्रिल भिंतीला चालते का?

१२ व्होल्टचे फार तर गिलावा आणि मऊ वीट. हॅमर असलेले १८ व्होल्टचे विटेत ८ मिमीपर्यंत नीट चालते. काँक्रीटसाठी बॅटरीवरचा एसडीएस रोटरी हॅमर वेगळा मिळतो.

भाड्याच्या रोटरी हॅमरमध्ये काय तपासून घ्यावे?

बिट घालून ओढून पाहा, सुटता कामा नये. मोकळे चालवून कार्बनच्या (मोटरमधल्या ब्रशच्या) ठिणग्या बघा, वर्तुळाकार मोठी ठिणगी पडत असेल तर कार्बन संपले आहेत. मशीन हवेत धरले की ठोके बसत नाहीत, म्हणून फळीवर टेकवून पाहा. बाजूचा दांडा आणि खोलीची दांडी मागून घ्या. बिटच्या बुडाला हरभऱ्याएवढे ग्रीस लावा, आणि परत देण्याआधी चकची कॉलर पुसून तिच्यातली धूळ काढा.